खालच्या नाल्याची बाटली

त्या बाटलीला गावाचा वास नव्हता. एवढ्यावरूनच माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली.

मी बडोद्यात, गोत्रीच्या एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत पाणी तपासायचं काम करते. आमच्याकडे सोसायट्यांच्या बोअरचं पाणी येतं, कारखान्यांचं सांडपाणी येतं आणि दर महिन्याला नर्मदेपलीकडच्या एका लिग्नाइटच्या खाणीचं पाणी येतं. लिग्नाइट म्हणजे कच्चा, तपकिरी कोळसा. तो काढायला बोगदे खणत नाहीत, वरची माती उचलून बाजूला टाकतात आणि जमीनच उघडी करतात. एवढा मोठा खड्डा झाला की त्यात पावसाचं पाणी उतरणार, बाजूने पाझरणार. ते पंपाने उपसून वरच्या तळ्यात घ्यायचं, गाळ बसू द्यायचा, पाण्यातलं आम्ल मारायला चुना घालायचा आणि मग ते नाल्यात सोडायचं. तो नाला पुढे एका गावाला लागून जातो. तळ्यातून पाणी बाहेर पडतं तिथली एक बाटली आणि खाली गावाजवळची एक, अशा दोन बाटल्या आमच्या दृष्टीने महत्त्वाच्या.

त्या आणायचे आमचे काका. ते कुणाचेच काका नव्हते, पण मालकांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. फतेगंजात राहणारे, पन्नाशी उलटलेले, मिशा नीट कातरलेल्या. त्यांचे पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते, आणि हे आपल्याला दोनदा सांगून झालंय हे त्यांच्या कधी लक्षात राहायचं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा नमुना कसा घ्यायचा ते त्यांनीच मला शिकवलं होतं. बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची, तोंड प्रवाहाच्या उलट धरायचं, वरचा फेस आत येऊ द्यायचा नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली मी त्यांच्यावरच संशय घेईन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

भर पावसाळा होता. आठवडाभर पावसाने उसंत दिली नव्हती. अशा दिवसांत खालच्या नाल्याची बाटली कशी यायला हवी ते मला माहीत होतं. गढूळ, तळाशी बोटभर माती, एखादी काडी, आणि झाकण उघडलं की शेणाचा, साबणाचा, म्हशींचा वास. गाव पाण्यात उतरलेलं असतं. ही बाटली मात्र खाणीच्या तळ्यातल्या बाटलीसारखी निवळ होती आणि तिला ओल्या चुन्याचा वास येत होता. दोन्ही तपासल्या. आकडे इतके जवळचे की सख्ख्या बहिणी. मग मी मागच्या काही महिन्यांचे निकाल संगणकावर काढून पाहिले. सगळीकडे तेच. उन्हाळ्यात ते चालून गेलं होतं, कारण उन्हाळ्यात त्या नाल्यात खाणीने सोडलेल्या पाण्याखेरीज दुसरं पाणीच नसतं. पण पावसाळ्यात कसं चालेल?

काकांनी दोन्ही बाटल्या एकाच जागी भरल्या होत्या. याला दुसरा अर्थ नव्हता.

एकदा मनात असं आलं की माणसाची प्रत्येक गोष्ट वेगळी दिसायला लागते. त्यांचे बूट मी पाहू लागले. नाल्यात उतरून आलेल्या माणसाच्या बुटांना चिखल असतो, त्यांच्या बुटांना नुसती धूळ. बाटल्यांना पूर्वी ते माझ्यासमोर चिठ्ठ्या लावायचे, आता खोकं आधीच बंद करून आणायचे. आणि मला मागच्या पावसाळ्याच्या शेवटची एक संध्याकाळ आठवली. मी फतेगंजात भाजी घेत होते, तेव्हा समोर एक जीप थांबली आणि काका उतरले. जीपवर खाणीचं नाव होतं. ते सकाळी आमच्या भाड्याच्या गाडीने गेले होते. दुसऱ्या दिवशी मी सहज विचारलं तेव्हा गाडी बिघडली होती म्हणाले आणि लगेच उठून गेले. तेव्हा मी ते विसरूनही गेले होते. आता ती जीप माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. खाणीची माणसं आमच्या माणसाला एवढ्या लांब, थेट त्याच्या गल्लीच्या तोंडाशी आणून का सोडतील?

मी त्यांची परीक्षा घेतली. सेव-उसळ आणली होती, दोघं कँटीनच्या बाकावर बसून खात होतो. मी म्हटलं, काका, खालच्या नाल्यावर तो मोठा आंबा होता, तो पडला का हो वादळात? तिथे आंबा नव्हताच. मी एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, त्यांच्याबरोबर गेले होते. गावाच्या त्या अंगाला बाभळी आणि एक जुना कडुनिंब, बाकी काही नाही.

त्यांनी पाव रश्श्यात बुडवला आणि म्हणाले, "आहे की. चांगला उभा आहे."

मी ताटली बाजूला सारली.

मालकांकडे गेले. आमचे मालक गुजराती, शांत स्वभावाचे, बोलताना समोरचा पेपरवेट फिरवत राहणारे. मी काकांचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की खाणीच्या खालच्या नमुन्याबद्दल मला खात्री वाटत नाही, पुढच्या वेळी मी स्वतः जाऊन येते. त्यांनी पेपरवेट फिरवायचं थांबवलं. खाण आपलं जुनं गिऱ्हाईक आहे, म्हणाले. मग गुजरातीत समजावलं की बेन, आपल्याकडे बाटली येते, तिच्यात काय आहे ते आपण सांगतो, ती कुठून आली ते सांगायला आपण ज्योतिषी नाही.

मग आता यांनाही माहीत आहे की काय, असं मला वाटलं. कदाचित नसेलही. पण ज्याला माहीत करून घ्यायचं नाही आणि ज्याला माहीत आहे, यांच्यात बाहेरून फरक दिसत नाही. घरी नवऱ्याला सांगितलं. तो रिफायनरीत शिफ्टला असतो, थकून आलेला. म्हणाला, काका म्हातारे होत चाललेत, कंटाळा करत असतील, तू लगेच लाचेपर्यंत कशी पोचलीस? त्यावर सांगायला माझ्याकडे फक्त जीप होती.

शेवटी मालकांनी परवानगी दिली. नको म्हणण्याचं कारण त्यांनाही देता येईना.

काकांना मी आदल्या दिवशी सांगितलं. ते बराच वेळ हातातल्या बाटल्या पुसत राहिले. पावसात रस्ते वाईट आहेत म्हणाले, तुमची तब्येत बिघडेल म्हणाले, मुलाची शाळा कोण बघेल म्हणाले. त्यांची एकेक सबब मला पुराव्यासारखी वाटत होती. गाडीत ते पुढे बसले. नर्मदेच्या पुलावर त्यांनी नेहमीप्रमाणे नदीला हात जोडले. मी मागे बसून त्यांच्या मानेकडे पाहत होते.

खाणीवर पाण्याचं खातं सांभाळणारा अधिकारी आमची वाटच पाहत होता. तरुण, अदबशीर, मॅडम मॅडम करणारा. मी येणार हे त्याला आधीच कसं कळलं? मालकांनी कळवलं असेल की काकांनी? त्याने मला खाणीच्या कडेवर नेऊन सगळं दाखवलं. खाली खड्ड्याच्या तळाशी काळं पाणी, पंपांचे जाड नळ, वर एकाला लागून एक तळी. काठावरच्या दगडांना पांढरा चुना फासलेला, वाटेवर कुंड्या. चुना मिसळायच्या टाकीजवळ दोन माणसं कामात. हा चुना आजच आमच्यासाठी ओतलाय का, म्हणून मी टाकीच्या कडा पाहिल्या. थरावर थर चढून घट्ट झालेले होते, जुने. मी पाणी बाहेर पडतं तिथे बसून पट्टी बुडवली. आम्ल ओळखायच्या या कागदी पट्ट्या मी नेहमी जवळ ठेवते. रंग हिरवा, जसा असायला हवा तसा. गाळही जेमतेम. तिथे मला कसलीच खोट सापडली नाही आणि खरं सांगायचं तर माझी निराशाच झाली.

"खालच्या गावाला जायचं असेल तर आमचा गार्ड बरोबर घ्या, मॅडम," तो म्हणाला. "तिथले लोक भांडायलाच बसलेले असतात. त्यांना नोकऱ्या हव्यात, म्हणून पाणी वाईट."

मी गार्ड नको म्हटलं. काका म्हणाले, घेऊ या की, ताई. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि पुन्हा नको म्हटलं.

खाणीच्या फाटकाबाहेर पडून गाडी गावाच्या कच्च्या रस्त्याला लागली, तेव्हा काकांनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. ड्रायव्हर उतरून लांब जाऊन उभा राहिला. काका माझ्याकडे न वळता, समोरच्या काचेशी बोलल्यासारखं बोलू लागले.

"ताई, खालचा नमुना मी घेत नाही. गेल्या पावसाळ्यापासून. दोन्ही बाटल्या वरच भरतो."

ते सांगत गेले. गेल्या पावसाळ्यात ते नेहमीसारखे नाल्यात उतरले होते, तेव्हा गावातले लोक जमले. तू कोण, विचारलं. त्यांनी प्रयोगशाळेचं सांगितलं. मग ग्रामपंचायतीत लावलेला रिपोर्ट तुझ्याच बाटल्यांचा का? त्यात पाणी चांगलं लिहिलंय ते बरोबर का? काका म्हणाले, बरोबर. मग गर्दीतून एक बाई पुढे आली. तिने नाल्यात लोटा बुडवला आणि तो त्यांच्या हातात दिला. पी म्हणाली.

"मी लोटा हातात धरला," काका म्हणाले. "तोंडापर्यंत नेला. पण नाही प्यायलो. हातच पुढे जाईना. तीस-चाळीस माणसं बघत होती. हसली असती तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही."

मग लोकांनी गाडीच्या चाकांतली हवा सोडली आणि त्यांना कडुनिंबाखाली बसवून ठेवलं. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. बायका येऊन बघून जात होत्या. दिवस कलल्यावर खाणीच्या लोकांना कळलं, ते जीप घेऊन आले आणि त्यांना फतेगंजात सोडून गेले. घरी त्यांनी गाडी बिघडली म्हणून सांगितलं. त्यानंतर दर महिन्याला ते याच रस्त्याच्या तोंडापर्यंत येत आणि इथूनच मागे फिरत. त्या नाल्याचा विषय निघाला की तो टाळायला ते कशालाही हो म्हणून मोकळे होत, आंब्यालाही तसंच म्हणाले होते.

"तुम्हाला वाटलं मी पैसे खातो," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

मी मांडीवरची बाटल्यांची पिशवी सरळ केली.

"वाटू दे. ते चाललं असतं मला. त्यात निदान बाप्या म्हणून लाज जात नाही."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. त्यांना भीती वाटली म्हणून एका गावाच्या पाण्याला आम्ही वर्षभर चांगलं म्हणत होतो, तेही शिक्का मारून. आणि त्यांचा हा वृत्तान्त खरा कशावरून? पकडला गेलेला माणूस असंही काही रचू शकतो, हेही माझ्या मनात येऊन गेलं. लपवत नाही. मी ड्रायव्हरला हाक मारली आणि गाडी गावात घ्यायला सांगितली.

काका गाडीतच बसून राहतील असं मला वाटलं होतं. मी बाटल्यांची पिशवी घेऊन उतरले, तेव्हा मागे दार वाजलं. ते माझ्यापासून चार पावलं मागे चालत आले.

नाल्याच्या काठच्या दगडांवर गंजासारखा लाल थर बसला होता. पाणी गढूळ होतं, पण त्या गढूळपणालाही लालसर झाक होती. दोन बायका कपडे धूत होत्या, त्या आम्हाला पाहून थांबल्या. एक मुलगी गावाकडे पळाली. मी खाली बसून पट्टी बुडवली. ती नारिंगी झाली. वर तळ्याशी हिरवी होती ती पट्टी इथे नारिंगी. मी दुसरी बुडवली, तीही तशीच.

थोड्या वेळाने लोक आले, पंधरा-वीस जण. त्यांच्या पुढे एक बाई होती, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, पदर कमरेला खोचलेला. तिने आधी काकांना ओळखलं. काकांनी मान खाली घातली, तेव्हा मला कळलं की गाडीत ऐकलं ते सगळं खरं होतं.

ती मला काही विचारेल असं वाटलं होतं. तिने विचारलं नाही. तिने शेजारच्या बाईचा लोटा घेतला, भरला आणि माझ्यापुढे धरला. सगळे बघत होते.

"मी पिणार नाही," मी म्हटलं. माझं गुजराती शाळेतलं आहे, पण ते वाक्य नीट आलं. "हे पाणी खराब आहे. मी आत्ताच पाहिलंय."

तिने लोटा खाली केला. मग म्हणाली, "इतक्या दिवसांत खाणीकडून आलेल्या कुणी हे पहिल्यांदा म्हटलं."

मी म्हटलं, मी खाणीकडून आलेली नाही. त्यावर तिने आमच्या गाडीकडे पाहिलं, आम्ही ज्या रस्त्याने आलो त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत माझ्यावरचा विश्वास मुळीच नव्हता.

मी त्यांना पट्टी दाखवली, वरच्या तळ्याशी काय आलं ते सांगितलं. तळ्यातलं पाणी चांगलं असेल तर मग हे कुठून येतं? गर्दीतला एकजण म्हणाला, खाण रात्री वेगळं पाणी सोडते. दुसरा म्हणाला, पाइप आहे जमिनीखालून. ती बाई त्यांना थांबवत म्हणाली की गेल्या पावसाळ्याच्या शेवटापासून पाऊस झाला की लाल पाणी त्या बाजूने येतं, आणि तिने बोट दाखवलं. खाणीच्या तळ्याचा नाला डावीकडून यायचा. ती दाखवत होती उजवीकडे.

आम्ही काठाने वर चालत गेलो. ती पुढे, मी मध्ये, काका मागे, आणि मागून बाकीचे. थोडं वर गेल्यावर दोन ओहोळ मिळतात. डावीकडच्यात पट्टी हिरवी आली. उजवीकडच्यात ती लाल झाली, इतकी लाल की मी पुन्हा पाहिली. हा उजवा ओहोळ म्हणजे खाणीभोवती खणलेला चर होता. खाणीभोवती असा चर ठेवतातच, आजूबाजूच्या शेतांतलं पावसाचं पाणी खड्ड्यात शिरू नये, बाहेरच्या बाहेर निघून जावं म्हणून. ते साधं पावसाचं पाणी, चांगलंच असणार, असं धरून त्याची तपासणी कुणी करत नाही. आम्हीही करत नव्हतो.

चराच्या कडेने आणखी वर गेलो. तिथे खाणीतून काढलेल्या मातीचा नवा ढिगारा होता, टेकडीएवढा, आणि त्याचा पायथा थेट चरात उतरला होता. माती काळी होती. मी एक ढेकूळ फोडलं. आत पिवळे चकाकणारे कण होते, लोखंड आणि गंधक असलेल्या खनिजाचे. ते खोल जमिनीत असतात तोवर निरुपद्रवी. उघडे पडले, हवा लागली, पाऊस लागला की त्यातून आम्ल झिरपायला लागतं. ढिगाऱ्याच्या अंगावरून पावसाच्या ओघळी उतरल्या होत्या आणि प्रत्येक ओघळीचा तळ लाल होता.

काका वाकले, त्यांनी बाटली त्या पाण्याने विसळली, तोंड प्रवाहाच्या उलट धरलं आणि भरली. मग दुसरी भरली. तेव्हा ती बाई म्हणाली, एक माझ्यासाठी भरा. कशाला, असं मी विचारलं. तुमच्या बाटलीचं काय होतं ते मला कसं कळणार, म्हणाली. काकांनी तिसरी बाटली भरून, पुसून तिच्या हातात दिली. तिने ती घेतली. पाणी विचारलं नाही, चहा विचारला नाही.

बडोद्याला आल्यावर निकाल यायचे तेच आले. मी मालकांसमोर ठेवले. पेपरवेट पुन्हा थांबला. हे आणखी कुणाला माहीत आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न. मग जुन्या बाटल्यांचं काय, हा दुसरा. मी बोलायच्या आत काका आत आले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, लोट्यासकट. मालक ऐकत राहिले. नोकरीवरून काढतील असं मला वाटलं होतं. त्यांनी काकांना बसायला सांगितलं आणि शिपायाकडून पाणी मागवलं. मग गावात बाटली ठेवून आलो ते मी सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाणीला आणि सरकारी खात्याला कळवलं की गेल्या पावसाळ्यापासूनचे खालच्या नाल्याचे आमचे निकाल रद्द समजावेत, आणि नवे सोबत जोडले आहेत. हे त्यांनी सचोटीने केलं की त्या बाईच्या घरातल्या बाटलीच्या धाकाने, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलंही नाही.

खाणीच्या अधिकाऱ्याचा फोन मला आला. मॅडम म्हणायचं त्याने सोडलं नव्हतं, पण आवाज बदलला होता. चराचा नमुना यादीत नाही, तुम्ही तो घेतलातच का, गावातल्या कुणी तुमच्याशी संपर्क साधला होता का, असं त्याने फिरवून फिरवून विचारलं. मला गावाने विकत घेतलंय असा त्याचा संशय होता. महिनाभरापूर्वी मी काकांबद्दल जे मानत होते तेच तो माझ्याबद्दल मानत होता. मी म्हटलं, येऊन स्वतः पट्टी बुडवा. तो म्हणाला, तिथून ढिगारा लांब न्यायचा तर डंपरला फार मोठा वळसा पडतो. एवढं बोलून तो एकदम थांबला. त्याला आधीपासून माहीत होतं की बोलता बोलता लक्षात आलं, ते मला त्या थांबण्यावरून ठरवता आलं नाही.

काम मात्र झालं. सरकारी खात्याची माणसं येऊन गेली, थोडी पत्रापत्री झाली, आणि पाऊस संपल्यावर खाणीने ढिगाऱ्याचा पायथा चरापासून मागे घेतला. काळ्या मातीवर चिकणमातीचा थर दाबून त्यावर गवत लावलं. ढिगाऱ्याचं पाणी अडवायला वेगळा खड्डा खणला आणि तिथून ते चुन्याच्या तळ्याकडे वळवलं. चराच्या तळाशी चुनखडी अंथरली. पुढच्या पावसाळ्यात खालच्या नाल्यात पट्टी नारिंगीवरून पिवळसर हिरव्यावर आली. अगदी मोठा पाऊस झाला की एक-दोन दिवस ती अजूनही ढळते. दगडांवरचा लाल थर गेलेला नाही. तो जाईल की नाही कुणी सांगू शकत नाही.

काका नोकरीत राहिले. खालच्या नाल्यावर आता आम्ही दोघं जातो. ते नाल्यात उतरतात, मी काठावर उभी राहते. ते उतरताना मी त्यांच्या हातांकडे पाहते. त्यांना ते कळतं, आणि ते बाटली मुद्दाम मला दिसेल अशी धरतात. सेव-उसळ अजून बरोबर खातो, पण पूर्वीसारख्या गप्पा होत नाहीत.

दर वेळी तिसरी बाटली त्या बाईची. त्या बाटलीचं ती काय करते ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं. मग कॉलेजातली माझी एक मैत्रीण, जी सयाजीगंजातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत आहे, तिने एकदा हसत सांगितलं की वसतिगृहातला एक विद्यार्थी दर महिन्याला पिशवीत गुंडाळून नाल्याचं पाणी तपासायला आणतो आणि मावशीने दिलंय म्हणतो. मी विचारलं, काय येतं? तिने आकडे सांगितले नाहीत, पण मी माझे सांगितल्यावर म्हणाली, तेवढेच. मला हायसं वाटलं. लगेच असंही वाटलं की मैत्रिणीचे आकडे वेगळे असते तर ती मला खरं सांगती का?

मागच्या खेपेला मी निकालाचा कागद घेऊन स्वतः त्या बाईच्या दारी गेले. काका बरोबर होते. आता तरी तिचा विश्वास बसला असेल असं माझ्या मनात होतं. तिने कागद उलटसुलट पाहिला, चष्मा मागवून पुन्हा पाहिला. आकडे चांगले होते. तिने घडी करून तो डब्यात ठेवला आणि ओट्यावर आम्हाला बसायला जागा केली. मग काकांकडे नाही, माझ्याकडे पाहत म्हणाली,

"तुम्ही नेहमी सकाळी येता. सकाळी सगळ्यांचंच पाणी चांगलं असतं. एकदा दुपारी या. आणि सांगून येऊ नका."

काका म्हणाले, बराबर आहे. परतताना गाडीत आम्ही कुठल्या दिवशी जायचं ते ठरवलं, आणि मालकांना ते सांगायचं नाही असंही ठरलं.